दुधाच्या दातातील ठेव

मुलाचा दुधाचा दात पडला की तो उंदराच्या बिळाशी ठेवावा किंवा कौलावर भिरकावून द्यावा, आणि त्या बदल्यात उंदराकडे त्याच्यासारखा बळकट दात मागावा, ही रीत आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी पाळलेली आहे. आता त्याच दाताविषयी निराळीच भाषा कानावर येऊ लागली आहे. ‘आपल्या बाळाचा दात जतन करा; उद्या त्यातून हृदयाच्या रक्तवाहिन्या घडवता येतील,’ अशा आशयाची गुळगुळीत कागदावरची पत्रके घरोघर पोहोचतात. या सदराच्या काही वाचकांनी त्यासंबंधी विचारणा केली आहे. एका भगिनीने तर स्पष्टच लिहिले आहे की, घरात सासऱ्यांची बायपास झाली आहे, यजमानांना मधुमेह आहे, आणि म्हणून नातवंडांच्या दातांसाठी पैसे भरावेत असा घरात आग्रह चालू आहे.

मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेत शिकलो आणि उभे आयुष्य बँकेच्या टेबलामागे काढले. मात्र कर्जाच्या अर्जाला जोडलेली कागदपत्रे वर्षानुवर्षे वाचताना एक सवय जडते. अर्जदार काय म्हणतो ते एका बाजूस लिहायचे, त्याला आधार काय आहे ते दुसऱ्या बाजूस लिहायचे, आणि मग दोन्ही रकाने ताडून पाहायचे. दातातून रक्तवाहिनी हा विषय त्याच रीतीने पाहू. त्यातील काही भाग खरोखरच थक्क करणारा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दाताचे बाहेरचे कवच कठीण असले तरी त्याच्या पोटात एक मऊ, लालसर गर असतो. दंतवैद्य ज्याला बोलीभाषेत ‘नस’ म्हणतात आणि रूट कॅनाल करताना जो खरवडून काढतात, तोच हा गर. त्यात मज्जातंतू असतात, बारीक रक्तवाहिन्या असतात, आणि काही थोड्या पेशी अशा असतात की ज्यांचा व्यवसाय अजून ठरलेला नसतो. त्यांना मूळ पेशी म्हणतात. व्यापारी घरातील मुलगा शिकत असताना तो पुढे कापडात जाईल, किराण्यात जाईल की सोन्याचांदीत, हे जसे खुले असते, तशीच या पेशींची अवस्था असते. योग्य परिस्थिती आणि योग्य संकेत मिळाले की त्या एखाद्या ठरावीक कामाच्या पेशी बनतात.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्था आहे. तिच्या दंत-संशोधन विभागात स्टॅन ग्रोन्थोस, सोंगताओ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तरुण माणसांच्या काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या गरातून अशा मूळ पेशी प्रथम वेगळ्या केल्या. पुढची पायरी घरातच सापडली. शी हे स्वतः बालदंतवैद्य. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला तेव्हा त्यात लालसर ऊती शिल्लक असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. मग तिचे दात प्रयोगशाळेत गेले. २००३ साली मासाको मिउरा, शी प्रभृतींनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, आपोआप पडणाऱ्या दुधाच्या दातातही जिवंत मूळ पेशी असतात, आणि त्या अक्कलदाढेतील पेशींपेक्षा वेगाने वाढतात. त्या निबंधातील एक आकडा मला विशेष बोलका वाटला. पुढच्या एका दातातून वसाहत करू शकणाऱ्या अशा पेशी मिळतात साधारण १२ ते २०. हजार नव्हे, शंभरही नव्हे. मूळ भांडवल एवढेच, आणि बाकी सारे प्रयोगशाळेतील वाढीवर अवलंबून.

आता रक्तवाहिनीकडे वळू. रक्तवाहिनी म्हणजे रबरी नळी, अशी आपली ढोबळ समजूत असते. प्रत्यक्षात तिच्या आतल्या बाजूस केवळ एका पेशीच्या जाडीचे अखंड अस्तर असते, आणि रक्तवाहिनीचे शहाणपण बहुतांशी त्या अस्तरात साठवलेले असते. वाहते रक्त गोठू न देणे, गरजेनुसार नळी सैल वा आकुंचित करणे, रक्तातून काय बाहेर जावे आणि काय जाऊ नये यावर पहारा ठेवणे, ही सर्व कामे ते अस्तर करते. अगदी सूक्ष्म केशवाहिन्यांत तर या अस्तराखेरीज दुसरी भिंत जवळजवळ नसतेच.

हे अस्तर नसले तर काय होते, ते कृत्रिम नळ्यांच्या अनुभवावरून कळते. महाधमनीसारख्या रुंद वाहिनीच्या जागी शल्यवैद्य डेक्रॉनच्या धाग्यांची विणलेली नळी बसवतात आणि ती वर्षानुवर्षे चालते. परंतु सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा अरुंद कृत्रिम नळी लवकर गुठळीने बुजते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या उगमापाशीही साधारण ३ ते ४ मिलिमीटरच्याच असतात. म्हणूनच बायपासच्या वेळी आजही पायातील शीर किंवा छातीच्या आतील धमनी रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातून घ्यावी लागते. ज्याच्या पायातील शिरा फुगलेल्या आहेत, किंवा ज्याच्या शिरा पहिल्या शस्त्रक्रियेतच वापरून झाल्या आहेत, त्याच्यापुढे पर्याय तोकडे पडतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत गादीवर बसून पेढी सांभाळणाऱ्या आपल्या घरांत मधुमेह, पायाच्या न भरणाऱ्या जखमा आणि हृदयविकार नवे नाहीत. तेव्हा रुग्णाच्याच पेशींपासून हे अस्तर तयार करता आले तर किती मोठी सोय होईल, हे सांगायला वैद्य लागत नाही. पत्रकवाल्यांचे फावते ते इथेच.

या प्रश्नावर पद्धतशीर काम झाले ते अमेरिकेतच, ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयात. जॅक नोर यांच्या प्रयोगशाळेने दुधाच्या दातातील मूळ पेशींना ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन पुरवले. हे प्रथिन आपले शरीरही बनवते. एखाद्या भागाला रक्त कमी पडू लागले की ‘इकडे नवी वाहिनी काढा’ असा निरोपच त्यातून जातो. हा निरोप मिळाल्यावर दातातील पेशींनी आपल्या पृष्ठभागावर रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींची ओळखचिन्हे धारण केली.

ओळखचिन्हे लावली म्हणजे कामही तेच करील, असे नाही. बँकेत गणवेश घातलेला प्रत्येक जण रोखपाल नसतो. म्हणून पुढचा प्रयोग महत्त्वाचा. या चमूने मानवी दाताची सुमारे १ मिलिमीटर जाडीची चकती कापली. तिच्या मधल्या पोकळीत, कालांतराने विरघळून जाणाऱ्या पदार्थाचा सच्छिद्र सांगाडा बसवला. त्यात खूण केलेल्या मूळ पेशी पेरल्या आणि ही चकती प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या कातडीखाली ठेवली. काही आठवड्यांनी तपासले असता त्या पोकळीत गरासारखी ऊती वाढलेली होती, आणि खूण केलेल्या मानवी पेशी ज्यांच्या भिंतीत बसल्या होत्या अशा वाहिन्यांतून उंदराचे रक्त वाहत होते. म्हणजे नव्या वाहिन्या यजमानाच्या रक्ताभिसरणाला जोडल्या गेल्या होत्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात आणखी एक गोष्ट दिसली. त्याच पेशींपैकी काही दाताचा कठीण भाग घडवणाऱ्या पेशी बनल्या, आणि त्यांना तसा संकेत खुद्द दाताच्या चकतीत साठून असलेल्या प्रथिनाकडून मिळाला. चकतीचा उपयोग केवळ भांड्यासारखा नव्हता; तिच्यात जुना आदेश जपलेला होता.

याच पानावर दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जपानमधील मिसाको नाकाशिमा यांच्या गटाने दाताच्या गरातील निवडक पेशी, पायाचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांना दिल्या. त्यांच्या २००८ च्या निबंधानुसार रक्तप्रवाह सुधारला आणि नव्या वाहिन्या दाट झाल्या. परंतु टोचलेल्या पेशी मुख्यतः त्या नव्या वाहिन्यांच्या शेजारी आढळल्या आणि वाहिन्या वाढवणारी द्रव्ये सोडत होत्या. याचा अर्थ, त्या ठिकाणी दातातील पेशी स्वतः भिंत न बनता मुकादमाचे काम करत होत्या आणि भिंत बांधणारे मजूर यजमानाचेच होते. दातातील पेशी स्वतः अस्तर किती प्रमाणात बनतात आणि मुकादमी किती करतात, याचे उत्तर प्रयोगागणिक बदलते. रुग्णाच्या दृष्टीने हा भेद वरवरचा नाही. मुकादमाचे काम काही आठवड्यांत संपते. अस्तराने मात्र वर्षानुवर्षे टिकले पाहिजे.

मग माणसावर काही झाले आहे का? झाले आहे, आणि ते झाले दातातच. हे स्वाभाविकही आहे. दाताचा गर चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो, आणि त्याला रक्त मिळते ते मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून. जिवंत पेशीला प्राणवायू मिळण्यासाठी केशवाहिनी साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत असावी लागते. म्हणून दातात नव्या पेशी नुसत्या भरल्या तर त्या उपासमारीने मरतील. गराबरोबर रक्तवाहिनीही उगवली तरच तो जगेल. चीनमधील शिआन येथे यान जिन, सोंगताओ शी आणि सहकाऱ्यांनी, पडून-आपटून ज्यांचे पुढचे कायमचे दात आतून मृत झाले होते अशी मुले निवडली. प्रत्येकाच्या स्वतःच्याच दुधाच्या दातातून पेशी काढून, वाढवून, त्या मृत दाताच्या पोकळीत बसवल्या. २०१८ साली त्यांनी दिलेल्या अहवालात या उपचाराची २६ मुले आणि नेहमीच्या उपचाराची १० मुले यांची तुलना आहे. १२ महिन्यांनंतर पेशी मिळालेल्या दातांत रक्तवाहिन्या आणि संवेदना असलेला गर पुन्हा तयार झाला होता, मुळे लांबीने वाढली होती आणि टोकाचे छिद्र अरुंद होत चालले होते. नेहमीच्या उपचारात असे घडले नाही. २४ महिन्यांपर्यंतच्या देखरेखीत अपायही दिसला नाही.

मला या सर्व वाचनात सर्वांत मोलाचे वाटले ते हे काम. मृत दातात पुन्हा रक्त खेळू लागणे आणि थंडगरम जाणवू लागणे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तिचे माप नीट घ्यावे. मुले थोडी होती. त्या वयात मुळाचे तोंड अजून रुंद असते, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट मिळते. पन्नाशीच्या माणसाच्या दातात ती वाट नसते. शिवाय दाताच्या पोकळीत उगवलेल्या केसासारख्या वाहिन्या आणि हृदयाच्या ठोक्यागणिक दाब झेलणारी धमनी यांच्यात तेवढेच अंतर आहे, जेवढे परसातला पाट आणि धरणाचा कालवा यांच्यात असते. दातातील पेशींपासून घडवलेली धमनी बायपाससाठी बसवणे हा आज कोणत्याही रुग्णालयातील प्रस्थापित उपचार नाही.

इथे एका प्रश्नाला बगल देता येणार नाही, कारण तो आपल्या घरांत विचारला जाणारच. दात आपोआप पडतो. त्यासाठी कोणत्याही जीवाला इजा होत नाही. या दृष्टीने हा मूळ पेशींचा सर्वांत निरुपद्रवी उगम म्हणावा लागेल. पण त्या १२-२० पेशींच्या लक्षावधी करायच्या तर त्यांना पोषक द्रव लागतो, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत या द्रवात प्रथेने मिसळतात ते गोवंशाच्या गर्भस्थ वासराच्या रक्तापासून काढलेले द्रव्य. कत्तलखान्यात गाभण गाय मारली गेल्यावर तिच्या पोटातील वासराचे ते रक्त असते. वर सांगितलेल्या उंदरांचीही गणना त्यातच करावी लागेल. पत्रकात यातले काही छापलेले नसते. यावर पर्याय आहेत. मुदत उलटून गेलेल्या मानवी रक्तबिंबिकांपासून बनवलेले द्रव्य वापरता येते, तसेच ज्यातील प्रत्येक घटक ठाऊक आहे असे प्राणिजन्य पदार्थविरहित पोषक द्रवही मिळतात. प्राण्यांतील रोगजंतू रुग्णात जाऊ नयेत म्हणून, माणसावर वापरायच्या पेशींसाठी या पर्यायांकडे ओढा वाढतो आहे. कारण सुरक्षेचे आहे, करुणेचे नाही, पण परिणाम दोन्हींना मानवणारा आहे. पुढेमागे असा उपचार कोणी देऊ केला, तर ‘पेशी कोणत्या द्रवात वाढवल्या?’ हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबाला आहे, आणि त्याचे लेखी उत्तर देणे प्रयोगशाळेला मुळीच अवघड नसते.

आता पैशाची बाजू. दात जतन करण्याच्या योजनेत सामान्यतः सुरुवातीस एक रक्कम आणि मग वार्षिक शुल्क असते. दाताचा गर अथवा त्यातील पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने उणे १९६ अंशांच्या जवळपास गोठवून ठेवतात. याला ‘बँक’ म्हणतात म्हणून मी तिला बँकेचेच प्रश्न विचारीन. हिच्यावर नियामक कोण? बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. ही संस्था बंद पडली तर त्या नळकांड्यांचे काय? जमा केलेल्या दातात जिवंत पेशी खरोखर किती निघाल्या, याचा मोजणी अहवाल ठेवीदाराला मिळतो का? दात फार दिवस लोंबकळत राहिला असेल तर त्याचा रक्तपुरवठा तुटून गर मेलेलाही असू शकतो; मग गोठवले काय? आणि सर्वांत मूलभूत म्हणजे, ठेव काढून कोणत्या रुग्णालयात, कोणत्या मान्यताप्राप्त उपचारासाठी वटवायची? ज्या पावतीवर मुदतपूर्तीची तारीख नाही आणि रक्कम कोणत्या खिडकीवर मिळेल तेही लिहिलेले नाही, तिला आमच्या शाखेत कोणी ठेव म्हटले नसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तर कागदावरच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूळ पेशींच्या संशोधनासंबंधी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार परवान्यासह साठवणुकीची मुभा आहे ती फक्त नाळेतील रक्ताला. दाताचा गर, नाळेची ऊती, चरबी इत्यादींच्या व्यापारी साठवणुकीस, पुढील सूचना होईपर्यंत, अनुमती नाही. त्याच तत्त्वांत असेही म्हटले आहे की, रक्ताच्या विकारांसाठी होणारे मूळ पेशींचे प्रत्यारोपण सोडले तर मूळ पेशींचा रुग्णावरील अन्य वापर हा संशोधनाच्या अवस्थेतील समजला जावा. संशोधनाच्या अवस्थेतील उपचारात रुग्ण सहभागी होतो तो नोंदणीकृत चाचणीत, नैतिक समितीच्या देखरेखीखाली. त्यासाठी त्याच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. हे वाक्य कात्रण म्हणून कपाटाला चिकटवून ठेवण्याजोगे आहे, कारण मधुमेहाच्या जखमेसाठी ‘मूळ पेशींचे पॅकेज’ विकणारेही कमी नाहीत.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला म्हणून माझे उत्तर असे. नातवंडांचे दात गोठवल्याने सासऱ्यांच्या हृदयाला वा यजमानांच्या पायांना आज काही मिळणार नाही. शिआनमध्ये मुलाचीच पेशी त्याच मुलाला दिली गेली होती, आजोबांना नव्हे. आणि उद्या हे शास्त्र पुढे गेले, तरी त्यासाठी दुधाचा दातच साठवलेला हवा असे नाही. मूळ पेशी प्रथम सापडल्या त्या मोठ्या माणसांच्या अक्कलदाढेतच. तेच पैसे यजमानांच्या साखरेच्या नियमित तपासणीवर, पायांच्या वार्षिक तपासणीवर आणि चांगल्या पादत्राणांवर खर्च केले तर आहे ते अस्तर अधिक काळ शाबूत राहील. रक्तातील वाढलेली साखर, उच्च रक्तदाब आणि तंबाखू हे तिघे त्या एका पेशीच्या थराचे सर्वांत जुने शत्रू आहेत. आपल्या काही पेढ्यांवर अजूनही पानसुपारीच्या डबीत तंबाखू असतो, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहितो.

दाताविषयी एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने आजच शिकून ठेवावी, कारण ती विनामूल्य आहे आणि तिची वेळ पूर्वसूचना देऊन येत नाही. खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला हात लावू नये आणि ते घासू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर हलकेच धुवावा. शक्य असेल तर लगेच त्याच खाचेत बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. ते जमत नसेल तर दात थंड दुधाच्या पेल्यात बुडवून, अर्ध्या ते एक तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. मुळावरच्या पेशी दुधात काही काळ जिवंत राहतात; साध्या पाण्यात त्या लवकर फुगून मरतात. निखळलेला दात दुधाचा असेल तर मात्र तो परत बसवू नये, कारण त्याखाली वाढत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. तो खुशाल कौलावर टाकावा.